सात वर्षं कपाटात राहिलेला स्कूबा सेट घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमचा ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स नुकताच अंदमानात स्वराज द्वीपला झाला. पुण्यातल्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे डायव्हिंगचा पूर्ण सेट विकायला आहे. ते काही वर्षं दुबईला नोकरीत होते, तिथेच त्यांनी तो नवा घेतला. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारा), ऑक्टोपस (साथीदारासाठी जास्तीचा तोंडाचा भाग), प्रेशर गेज, बीसीडी (तरंगणं सांभाळायला फुगवायचं जाकीट), मनगटी कॉम्प्युटर (खोली आणि वेळेचा हिशोब ठेवणारा), ५ मिलिमीटरचा वेटसूट, फिन्स (पायातली वल्ही), मास्क आणि १२ लिटरचं स्टीलचं सिलिंडर. खरेदीला सात वर्षं झाली, 'जेमतेम १५ डाइव्ह झालेत, अगदी नव्यासारखा आहे', आणि सगळ्याचे मिळून ६५ हजार. घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय तपासावं?

एकगठ्ठा घेऊ नका. त्यातल्या दोन-तीन वस्तू तुमच्या खरंच कामाच्या असू शकतात, एक वस्तू फुकट मिळाली तरी घरी आणू नये अशी आहे, आणि बाकीच्यांची तुम्हाला अजून गरज नाही. मी कोकण किनाऱ्यावर डायव्हिंग शिकवतो आणि पावसाळ्यात, समुद्र बंद असताना, रेग्युलेटर उघडून दुरुस्त करतो. त्यामुळे विकणाऱ्याचं 'नव्यासारखं' आणि टेबलावर उघडल्यावर दिसतं ते, या दोन्हींतलं अंतर मला रोज दिसतं.

पैसा आणि धोका दोन्ही सगळ्यात जास्त रेग्युलेटरमध्ये आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सिलिंडरवर बसतो तो धातूचा गोळा म्हणजे फर्स्ट स्टेज. सिलिंडरमधला २०० बारचा (बार हे दाबाचं माप) दाब तो एका झटक्यात खाली आणतो, आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतका. तिथून होजमधून हवा तोंडातल्या सेकंड स्टेजला येते आणि ती तुम्ही श्वास ओढाल तेवढीच हवा सोडते. फर्स्ट स्टेजचा सांगाडा धातूचा असतो, बहुतेक वेळा क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ; सेकंड स्टेजचं कवच बऱ्याचदा कडक प्लास्टिकचं असतं. नीट धुतलं, वाळवलं तर तो सांगाडा वीस-तीस वर्षं सहज टिकतो. पण हवा अडवण्याचं आणि सोडण्याचं खरं काम करतात ते आतले रबराचे आणि प्लास्टिकचे लहान भाग: ओ-रिंगा (हवाबंद करणारी रबरी कडी), सीट (हवेची वाट बंद करणारी मऊ चकती), डायफ्रॅम (पातळ रबरी पडदा), उच्छ्वासाची झडप. प्रेशर कुकरचं भांडं वर्षानुवर्षं चालतं, पण रिंग बदलावी लागते, तसंच हे आहे. जुना रेग्युलेटर घेताना तुम्ही फक्त धातू विकत घेताय असं समजा. रबर सगळं बदलायचंच आहे आणि त्याचा खर्च वेगळा धरायचा आहे. हे एकदा पक्कं झालं की पुढचे निर्णय सोपे होतात.

आता त्या '१५ डाइव्ह'बद्दल. नव्या माणसाला हा आकडा गुण वाटतो. रेग्युलेटरच्या बाबतीत तो गुण नाही. सेकंड स्टेजच्या आत एक स्प्रिंग असते. ती मऊ सीटला धातूच्या धारदार कडेवर सतत दाबून धरते. रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला नसला तरी, बॅगेत पडून असला तरी, हा दाब चालूच असतो. महिने आणि वर्षं गेली की त्या सीटवर गोल खाच पडते आणि पुढे तिथूनच हवा झिरपते. दुसरं म्हणजे, शेवटच्या डाइव्हनंतर तो कसा धुतला गेला हे कुणाला आठवत नाही. पाण्याचे दोन थेंब आत राहिले असतील तर मीठ सात वर्षं शांतपणे पितळ खात बसलेलं असतं. दर पंधरा दिवसांनी पाण्यात जाणारा आणि दरवर्षी सर्व्हिस होणारा, बाहेरून ओरखडे पडलेला रेग्युलेटर मी या चकचकीत रेग्युलेटरच्या आधी निवडेन.

बघायला जाल तेव्हा सोबत टॉर्च न्या. फर्स्ट स्टेजची धूळटोपी काढा आणि हवा आत शिरते त्या तोंडात बघा. तिथे धातूची बारीक जाळीदार चकती दिसेल, तो फिल्टर. तो स्वच्छ, धातूच्या रंगाचा हवा. हिरवट दिसला तर खारं पाणी आत गेलंय आणि पितळ गंजतंय. तांबूस-तपकिरी असेल तर कुठल्या तरी स्टीलच्या सिलिंडरचा गंज आत आलाय. काळपट पूड दिसली तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा. हिरवा फिल्टर दिसला की मी नव्या डायव्हरला पुढची तपासणी करूच देत नाही. उघडून, साफ करून तो कदाचित वाचेलही, पण ती जोखीम अनुभवी माणसाने घ्यावी, तुम्ही नको.

एक चाचणी सिलिंडरशिवाय तिथल्या तिथे करता येते. धूळटोपी घट्ट दाबून बसवा आणि सेकंड स्टेज तोंडात धरून श्वास ओढा. काहीच आत यायला नको. तोंडाला ओढ लागून सगळं थांबलं पाहिजे. हळूहळू हवा येत राहिली तर डायफ्रॅम फाटलाय, उच्छ्वासाची झडप नीट बसत नाही, नाहीतर माउथपीसला चीर आहे. पाण्यात याच वाटेने पाणी तोंडात येतं. ऑक्टोपसचीही हीच चाचणी करा. तो सहसा कुणी तपासत नाही, आणि त्याची गरज पडते तेव्हा साथीदार घाबरलेला असतो.

खरी परीक्षा मात्र भरलेल्या सिलिंडरवर आणि माहितगार माणसाच्या हातूनच. तो बीसीडीच्या होजला एक छोटं गेज लावेल आणि मधला, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये येणारा दाब वाचेल. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. महत्त्वाचं हे की चार-पाच श्वास घेतल्यावर काटा खाली जाऊन परत त्याच जागी येऊन थांबला पाहिजे. थांबण्याऐवजी तो हळूहळू वर सरकत राहिला तर फर्स्ट स्टेजची सीट झिजली आहे. पाण्याखाली याचा परिणाम म्हणजे सेकंड स्टेजमधून आपोआप हवा सुटू लागते आणि तुमचं सिलिंडर डोळ्यांदेखत रिकामं होतं. सिलिंडरची चावी उघडताना प्रेशर गेजचा चेहरा कुणाच्याही तोंडाकडे नको, जमिनीकडे किंवा पलीकडे वळवलेला हवा. कोर्समध्ये हे शिकवलेलं असतं. जुन्या, न तपासलेल्या गेजच्या बाबतीत ते दुप्पट पाळा. गेजच्या काचेआत पाण्याचा थेंब किंवा वाफ दिसली तर ते गेज बाद. श्वास घेताना काटा थरथरत असेल तर आधी चावी पूर्ण उघडली आहे का ते बघा. पूर्ण उघडूनही थरथरला तर फिल्टर तुंबलाय.

होज बघताना दोन्ही टोकांवरची रबरी टोपणं मागे सरकवा. तडे नेहमी त्याच्याखाली, धातूच्या जोडाला लागून पडतात. होज थोडी वाकवा. पृष्ठभागावर बारीक भेगा उमटल्या किंवा कुठे फुगवटा दिसला तर ती बदलायची. विणलेल्या आवरणाच्या, मऊ, लवचीक होज असतील तर जास्त सावध राहा. अशा काही होजच्या आतलं अस्तर उष्ण हवामानात विघटित होऊन त्याचे पिवळसर स्फटिक बनतात आणि हवेची वाट अडते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने अशा घटना नोंदवल्या आहेत. बाहेरून होज एकदम ठीक दिसते. सात वर्षांची, आणि तीही आखातातल्या उन्हाळ्यात आणि पुण्यातल्या माळ्यावर राहिलेली विणीची होज असेल तर मी तपासत बसणार नाही, सरळ बदलेन.

हे सगळं ठीक निघालं तरी एक प्रश्न उरतो आणि तोच सौदा ठरवतो: त्या मॉडेलचं सर्व्हिस किट आज भारतात मिळतं का? किट म्हणजे त्या मॉडेलच्या बदलायच्या सुट्या भागांचं पाकीट. ते नसेल तर उत्तमातला उत्तम रेग्युलेटर कागद दाबायच्या कामाचा. आपल्याकडे अधिकृत सर्व्हिस करणारे मोजके आहेत आणि प्रत्येकाकडे ठरावीक कंपन्यांचेच भाग असतात. म्हणून पैसे द्यायच्या आधी फर्स्ट आणि सेकंड स्टेजवरचं मॉडेलचं नाव आणि सिरीयल नंबर टिपून घ्या, त्या कंपनीच्या भारतातल्या विक्रेत्याला फोन करा, आणि तीन गोष्टी विचारा: किट आहे का, सर्व्हिसचा एकूण खर्च किती, किती दिवस लागतील. स्कूबाप्रो, अ‍ॅक्वालंग, एपेक्स, मारेस, क्रेसी या नावांपैकी काही असेल तर आशा आहे. ऑनलाइन मिळणारे बिननावाचे स्वस्त रेग्युलेटर असतील तर विषय संपला. काही कंपन्या सुटे भाग आयुष्यभर मोफत देण्याची हमी देतात, पण ती बहुधा पहिल्या मालकालाच आणि दरवर्षीच्या सर्व्हिसची नोंद असेल तरच लागू असते. विकणाऱ्याने ती हमी सांगून किंमत वाढवली तर ती तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे लक्षात ठेवा.

एक गोष्ट आपल्या किनाऱ्यापुरती. तुम्ही पुढे मालवण-तारकर्लीकडे, निवतीच्या खडकांकडे डाइव्ह करणार असाल तर आपलं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. खाड्यांचा गाळ असतो, बारीक वाळू तरंगत असते. पिस्टनवर चालणाऱ्या आणि पाण्याला आत वाट असलेल्या फर्स्ट स्टेजमध्ये ही वाळू आणि मीठ जाऊन बसतं. ते वाईट नसतात, उलट दणकट असतात, पण त्यांना मन लावून धुवावं लागतं. डायफ्रॅमवर चालणाऱ्या, सीलबंद फर्स्ट स्टेजला आपल्या पाण्यात त्रास कमी. दोन सारख्या किमतीचे पर्याय असतील तर मी दुसरा घेईन. आणि जोड कुठला आहे ते पाहा. आपल्याकडच्या केंद्रांवर सहसा योक, म्हणजे कंसासारखा अडकवायचा प्रकार चालतो. तुमचा रेग्युलेटर पेचाने बसणारा, डिन प्रकारचा असेल तर अ‍ॅडॅप्टर लागेल. तोही त्याच कंपनीचा आणि चांगला घ्या.

आता सिलिंडर. हेच ते, फुकट मिळालं तरी घेऊ नका असं मी म्हणालो.

१२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारने भरल्यावर साधारण २,४०० लिटर हवा कोंबलेली असते. त्या धातूत आतून गंज असेल किंवा मानेला तडा असेल तर भरताना काय होतं याची कल्पना करा, आणि भरणारा माणूस तेव्हा त्याच्या शेजारी उभा असतो. म्हणून सगळीकडे ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी आणि त्यामधल्या काळात आतून डोळ्यांनी तपासणी असा नियम असतो. अमेरिकेत दाबाची चाचणी दर ५ वर्षांनी होते आणि आतली पाहणी तिथे डायव्हिंगच्या धंद्यात दरवर्षी करायची पद्धत आहे. सिलिंडरच्या खांद्यावर या चाचणीची तारीख ठोकलेली असते. सात वर्षं पडून राहिलेल्या स्टीलच्या सिलिंडरची ती तारीख नक्कीच जुनी झाली असणार. आत थोडा ओलावा राहिला असेल तर गंज आहेच.

त्याहून मोठी अडचण कायद्याची आहे. भारतात दाबाखालच्या वायूची सिलिंडरं २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात आणि त्यांची अंमलबजावणी करणारी पेसो ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता नसलेलं सिलिंडर आणि त्याची चावी आयात करणं, भरणं, भरलेलं जवळ बाळगणं, यातलं काहीच नियमात बसत नाही. घरसामानाच्या कंटेनरमधून आलेल्या सिलिंडरला ती मान्यता असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. जबाबदार केंद्र ते भरून देणार नाही, आणि जे केंद्र काही न विचारता भरून देईल तिथल्या हवेवर मी तुम्हाला श्वास घेऊ देणार नाही. शिवाय तुम्हाला ते लागतंच कुठे? कुठल्याही केंद्रावर डाइव्हच्या पैशात सिलिंडर आणि शिशाची वजनं धरलेलीच असतात. बहुधा ते अ‍ॅल्युमिनियमचं ८० क्युबिक फुटांचं, म्हणजे सुमारे ११ लिटरचं असतं आणि त्यावरच तुम्ही शिकलात.

हाच धागा धरून एक सांगतो, कारण पुढेमागे कुणी अ‍ॅल्युमिनियमचं जुनं सिलिंडरही दाखवेल. १९८० च्या दशकापर्यंत बरीच सिलिंडरं ६३५१ या मिश्रधातूची बनत. सतत दाबाखाली राहून त्यांच्या मानेला आतून तडे जातात असं पुढे लक्षात आलं, काही फुटलीही, आणि उत्पादकांनी तो मिश्रधातू सोडून ६०६१ वापरायला सुरुवात केली. तेवढी जुनी वस्तू कितीही चमकत असली तरी लांबूनच नमस्कार.

बीसीडीकडे वळू. जुन्या बाजारात नव्या डायव्हरसाठी मला ही वस्तू सगळ्यात भरवशाची वाटते. तिच्यात बिघडणारे भाग थोडे असतात आणि बिघाड हाताने, कानाने, डोळ्यांनी पकडता येतो. तोंडाने फुगवून टम्म करा आणि रात्रभर तशीच ठेवा. विकणाऱ्याने घरी नेऊ दिली तर उत्तम, नाहीतर निदान तासभर तिथेच बसा. सकाळी ती घट्ट असली पाहिजे. बादलीत किंवा टबात बुडवून शिवणी, झडपा आणि इन्फ्लेटरच्या (बटण दाबून सिलिंडरची हवा बीसीडीत सोडणारा भाग) जोडावर बुडबुडे दिसतात का बघा. मग हवा सोडून आत थोडं पाणी घाला आणि ओतून बघा. काळे कण आले किंवा कुबट वास आला तर आत बुरशी आहे. हलवल्यावर आतून खडखड आली तर ते मिठाचे खडे, आणि तेच खडे उद्या झडपेत अडकतील.

बीसीडीतला जीवघेणा भाग एकच: इन्फ्लेटरचं बटण. सिलिंडर जोडून ते थोडं थोडं दाबा आणि सोडा. बोट काढताक्षणी हवा थांबली पाहिजे. एकदा जरी बटण खाली चिकटलं, किंवा सोडल्यावर क्षणभर सूं आवाज राहिला, तर तो भाग बदलल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. १० मीटरवर असताना बटण अडकलं तर बीसीडी फुगते, तुम्ही वर उचलले जाता, वर जाताना दाब कमी होतो म्हणून आतली हवा आणखी फुगते, आणि पृष्ठभागापर्यंत ती दुप्पट होते. नवा डायव्हर अशा वेळी श्वास रोखून धरतो, आणि फुप्फुसाला इजा होते ती तिथे. कोर्समध्ये होज काढायचा सराव करून घेतलेला असतो, पण पहिल्या काही डाइव्हमध्ये तो हाताला आठवेलच असं नाही. इन्फ्लेटरचा भाग बदलणं फार महाग नसतं. शंका असेल तर बदला आणि ती रक्कम किमतीतून वजा करा.

माप मात्र तडजोड न करता पाहा. सूट घालून, बीसीडी अंगात चढवून पूर्ण फुगवा. छाती आवळली जाऊन श्वास घ्यायला त्रास झाला तर ती तुमची नाही. खांद्यांवरून वर सरकत असेल तरीही नाही. वजनं ठेवायचे खिसे बीसीडीतच असतील तर ते मूळ खिसे सोबत आहेत ना, खेचल्यावर सुटतात ना, आणि न खेचता आपोआप सुटत नाहीत ना, हे बघा. हरवलेले खिसे जुन्या मॉडेलसाठी परत मिळत नाहीत.

या सेटमधली मला सगळ्यात जास्त रस असलेली वस्तू म्हणजे कॉम्प्युटर. तुम्ही स्वतःची म्हणून पहिली मोठी वस्तू घ्यायची ती हीच, मग जुनी असो वा नवी. केंद्रातला भाड्याचा कॉम्प्युटर सकाळी दुसऱ्याच्या मनगटावर असतो, दुपारी तुमच्या; आणि प्रत्येक वेळी नवीन पडदा, नवीन बटणं. स्वतःचा असेल तर दोन डाइव्हमध्ये तुमच्या अंगात साठलेल्या नायट्रोजनचा हिशोब एका जागी राहतो आणि पाण्याखाली आकडा कुठे शोधायचा हे डोळ्यांना पाठ होतं.

कॉम्प्युटर विकणाऱ्याचं बोलणंही पडताळून देतो. त्याच्या मेनूत जुना इतिहास असतो: एकूण डाइव्ह, एकूण वेळ, सर्वांत जास्त खोली. १५ म्हणाले आणि आत १४० निघाले तर बाकी सगळ्या सांगण्याचं वजनही कळलं. १५ च निघाले तर माणूस सरळ आहे, आणि तेवढ्याने बोलणी सोपी होतात. पुढे बॅटरी. क्रेसी लिओनार्दो, मारेस पक प्रो, सुंतो झूप अशा साध्या, जाडजूड मॉडेलांची बॅटरी घरी बदलता येते. ती बदलताना झाकणाची ओ-रिंगही बदला. घड्याळासारखी दिसणारी बरीच मॉडेलं बॅटरीसाठी सर्व्हिस केंद्राकडेच पाठवावी लागतात, आणि आतली चार्ज होणारी बॅटरी असेल तर सात वर्षांत तिची ताकद उतरलेली असते. बॅटरीच्या कप्प्यात हिरवा-पांढरा थर दिसला तर सोडून द्या, पाणी आत गेलंय. कोरड्या हवेत टेबलावर पडलेला असताना तो खोली दाखवत असेल तर त्याचा सेन्सर बिघडलाय.

आणि घेतल्यावर सर्वांत आधी त्याच्या सेटिंग्ज बघा. मागच्या मालकाने नायट्रॉक्सवर, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेवर डाइव्ह केली असेल तर तो अजून ३२ टक्के ऑक्सिजन धरून बसलेला असू शकतो. तुम्ही साधी हवा भरून उतराल आणि तो तुम्हाला खाली थांबायला खऱ्यापेक्षा जास्त वेळ देत राहील. यात प्रत्यक्ष इजा होण्याचा धोका आहे आणि पडद्याच्या कोपऱ्यातला एक लहान आकडा सोडला तर काही सांगणारं नसतं. तो आकडा २१ वर, म्हणजे साध्या हवेवर आणा, मग पुढचं.

बाकीचं झटपट. फिन्स जुनी बेलाशक घ्या. पात्याला तडा नको, पट्टा बदलता येतो. मास्क नवाच घ्या. तो चेहऱ्याला बसण्यावर सगळं आहे: पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा, राहिला तर तो तुमचा. दुसऱ्याच्या चेहऱ्याला बसलेला, सात वर्षांत पिवळा आणि कडक झालेला सिलिकॉन कशाला? तुम्हाला चष्मा असेल तर नंबरच्या काचा लागतील, हे आणखी एक कारण. ५ मिलिमीटरचा सूट कोकण, गोवा, अंदमान कुठेच लागत नाही. आपल्या २६ ते २९ अंशांच्या पाण्यात ३ मिलिमीटर पुष्कळ झाला. जाड सूट घातला की तरंगायची ओढ वाढते, त्यासाठी जास्त शिसं कमरेला बांधावं लागतं, आणि तोल सांभाळणं नव्या माणसाला आणखी अवघड जातं.

आता एक प्रश्न तुम्हाला. वर्षाला किती वेळा पाण्यात जाणार आहात? एका सुट्टीत अंदमानला सात-आठ डाइव्ह, एवढंच असेल तर रेग्युलेटर आणि बीसीडी विकत घेऊच नका, जुनी नको आणि नवीही नको. केंद्राच्या दरात ती बहुतेक ठिकाणी धरलेली असतात. तुमची स्वतःची घेतली तर दरवर्षी सर्व्हिसचा खर्च लागेल, पावसाळ्याच्या दमट हवेत ती जपावी लागतील, आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानात जिथे १५ किलो सामान मिळतं तिथे हा सेट एकटाच १० किलोच्या पुढे जाईल. पण पुणे-मालवण तुम्ही ऑक्टोबर ते मेमध्ये महिन्यातून एकदा करणार असाल, पुढचे कोर्स करायचे मनात असेल, तर स्वतःचा रेग्युलेटर असणं मला मनापासून योग्य वाटतं. तोंडात काय आहे, शेवटचं ते कुणी उघडलं, हे माहीत असलेला डायव्हर पाण्याखाली शांत असतो.

किमतीचं असं करा. सिलिंडर, मास्क आणि सूट यांची किंमत शून्य धरा, कारण तुमच्यासाठी ती शून्यच आहे. उरलेल्या वस्तूंची तीच किंवा त्यांच्या जागी आलेली मॉडेलं आज भारतात नवी कितीला मिळतात ते काढा. त्यांनी दुबईत दिरहममध्ये किती दिले ते सोडून द्या. चांगल्या अवस्थेतल्या, किट मिळणाऱ्या वस्तूला मी नव्याच्या निम्म्यापर्यंत जातो, आणि त्या निम्म्यातूनच सर्व्हिस, होज, माउथपीस, बॅटरी वजा करतो. वजा करून उरतं ते विकणाऱ्याचं. हिशोबाने ती रक्कम फार खाली आली तर समजा की नवा, हमीसकट, साधा रेग्युलेटर तुमच्यासाठी जास्त चांगला आहे. महागड्या मॉडेलच्या मोहात पडू नका. तुमच्या कोर्सच्या १८ मीटरच्या मर्यादेत साध्या आणि भारी रेग्युलेटरमधला फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

सौद्यात एक अट आधीच घाला: थोडी रक्कम आगाऊ, बाकीची सर्व्हिस करणाऱ्याने उघडून पाहिल्यावर. सरळ माणूस याला नाही म्हणत नाही. मूळ पावती मागा. सात वर्षांनी नसली तरी चालेल, पण असेल तर सिरीयल नंबर जुळवा.

घेतलंत तर सर्व्हिस होऊन आल्यावर पहिल्यांदा पोहण्याच्या तलावात उतरा, अर्थात प्रशिक्षकासोबत. तिथे इन्फ्लेटर, दोन्ही सेकंड स्टेज, वजनाचे खिसे, सगळं पाण्यात चालवून बघा. मग समुद्रात ५-६ मीटरवर. त्या डाइव्हला प्रशिक्षकाच्या कॉम्प्युटरशेजारी तुमचा धरून दोघांची खोली ताडून पाहा. बीसीडी बदलली की लागणारं वजनही बदलतं, तेव्हा ते पृष्ठभागावरच नव्याने जुळवून घ्या. कोर्सला किती किलो लागले होते यावर जाऊ नका.

त्या गृहस्थांना आज संध्याकाळी फोन करून चार फोटो मागवा: फर्स्ट स्टेजचा फिल्टर टॉर्चच्या उजेडात, दोन्ही स्टेजवरची मॉडेलची नावं आणि नंबर, कॉम्प्युटरच्या इतिहासाचं पान, आणि त्याच्या बॅटरीचा कप्पा उघडून. फोटो मला पाठवलेत तर फिल्टर बघून लगेच सांगतो, आणि त्या मॉडेलचं किट सध्या कुणाकडे आहे तेही विचारून ठेवतो.